इलेक्ट्रिक प्रेशर कुकरमध्ये रोजचा स्वयंपाक: तयारी, क्रम आणि नेहमी होणाऱ्या चुका

इन्स्टंट पॉट किंवा तसाच कुठलाही इलेक्ट्रिक प्रेशर कुकर घेतलेल्यांचे प्रश्न फिरून फिरून तेच असतात. डाळ कचकचीत राहिली, डिस्प्लेवर "बर्न" आलं आणि बंद पडला, भाताचा गिचका झाला, आणि सगळ्यात जास्त वेळा म्हणजे "रेसिपीत आठ मिनिटं लिहिलं होतं, अर्धा तास झाला तरी झाकण उघडत नाहीये". यात कुकर बिघडलेला असतो असं फार क्वचित होतं. गॅसवरच्या शिट्टीच्या कुकरची सवय आपण या कुकरला लावतो आणि मग क्रम चुकतो, बहुतेक वेळा एवढंच असतं. म्हणून इथे रेसिपी कमी आणि क्रम जास्त आहे.

आकडे ६ क्वार्ट, म्हणजे साधारण ५.७ लिटरच्या मॉडेलचे आहेत कारण बहुतेक घरांत तोच असतो. ३ किंवा ८ क्वार्टचा असेल तर तळातल्या पाण्याचं माप बदलतं, ते त्या त्या जागी सांगते.

## १. आधी वेळेचं गणित नीट समजून घ्या

पहिला प्रश्न नेहमी हाच येतो की किती शिट्ट्यांना किती मिनिटं? असं कोष्टक बनत नाही. गॅसवरचा आपला कुकर साधारण १५ पीएसआय (दाब मोजायचं एकक) प्रेशरवर चालतो आणि आत १२० अंशांच्या आसपास तापमान जातं. इन्स्टंट पॉट ड्युओसारख्या मॉडेलचं "हाय" प्रेशर १०.२ ते ११.६ पीएसआय असतं, म्हणजे आत ११५ ते ११७ अंश. फरक थोडा वाटतो पण डाळीला तो चांगलाच जाणवतो, म्हणून गॅसवर तीन शिट्ट्यांत होणारी डाळ इथे तेवढ्याच मिनिटांत होणार नाही.

दुसरं म्हणजे डिस्प्लेवर टाकलेली मिनिटं प्रेशर आल्यावर मोजायला सुरुवात होते, त्याआधी नाही. एकूण वेळेचे तीन तुकडे पडतात:

- प्रेशर यायला: साधारण ८ ते १५ मिनिटं. भांडं जास्त भरलेलं किंवा पाणी गार असेल तर त्याहून जास्त.
- शिजायला: तुम्ही टाकलेली मिनिटं.
- कुकर पडायला: १० ते २० मिनिटं, भरलेलं भांडं असेल तर अजून.

म्हणजे "१० मिनिटांचं" वरण-भात हातात यायला ३० ते ४० मिनिटं लागतात. गॅसवरच्या कुकरपेक्षा हा फार वेगवान आहे असं समजून घेतला असेल तर निराशा होणार. याचा खरा फायदा म्हणजे समोर उभं राहावं लागत नाही, शिट्ट्या मोजाव्या लागत नाहीत, गॅस बंद केला का म्हणून जीव टांगणीला लागत नाही. तेवढ्या वेळात कणिक मळून होते, मुलाचा अभ्यास घेऊन होतो, आणि ऑफिसचा कॉल चालू असताना कुकर लावला तरी चालतो.

वेळ खरंच वाचवायचा असेल तर तो पहिल्या तुकड्यात वाचतो. किटलीत उकळलेलं पाणी वापरा, प्रेशर यायला लागणारा वेळ बराच कमी होतो.

लक्षात ठेवा: जिन्नस दुप्पट केला म्हणून मिनिटं दुप्पट करायची नाहीत. एक वाटी राजमा आणि दोन वाटी राजमा सारख्याच मिनिटांत शिजतो, फक्त प्रेशर यायला जास्त वेळ लागतो. मिनिटं बदलतात ती तुकड्याच्या आकाराने. अख्खा मोठा बटाटा आणि त्याच बटाट्याच्या चार फोडी यांची वेळ वेगळी.

## २. कुठे ठेवायचा, आणि लावण्याआधी काय बघायचं

जागा आधी ठरवा. वर कपाट असेल तर वाफ सोडताना कुकर पुढे ओढून घ्या, नाहीतर रोजच्या वाफेने कपाटाचं लाकूड फुगतं. आणि हे अगदी कळकळीने सांगते, गॅसच्या शेगडीवर किंवा इलेक्ट्रिक कॉइलवर हा कुकर ठेवू नका, जागा नाही म्हणून "तात्पुरता" सुद्धा नाही. चुकून बर्नर चालू झाला की खालचं प्लॅस्टिक वितळतं आणि आत वायरिंग आहे.

अमेरिकेतून भारतात येताना बरेच जण हा कुकर बॅगेत घालून आणतात. तिथला कुकर १२० व्होल्टचा असतो, आपल्याकडे घरात २३० व्होल्ट येतात. नुसता पिन बदलणारा ॲडाप्टर लावून तो चालू केला तर जळणार. १००० वॉटचं उपकरण चालवणारा ट्रान्सफॉर्मर जड आणि महाग पडतो, त्यापेक्षा भारतात २३० व्होल्टचा घेतलेला बरा.

प्रत्येक वेळी लावण्याआधी चार गोष्टी बघायच्या, अर्धं मिनिट लागतं:

1. आतलं स्टीलचं भांडं जागेवर आहे ना. हे सांगायची गरज का पडते तर भांडं धुवायला काढलेलं असतं आणि सवयीने तांदूळ-पाणी सरळ हीटरवर ओतलं जातं. असं झालं तर आधी प्लग काढा, मग कुकर उपडा करा, आणि पूर्ण वाळेपर्यंत अजिबात चालू करू नका.
2. आतल्या भांड्याचं बूड बाहेरून कोरडं आहे का, आणि हीटरच्या चकतीवर भाताचं शीत वगैरे पडलेलं नाही ना.
3. झाकणातली सिलिकॉनची रिंग सगळीकडून तारेच्या आत नीट बसली आहे का. बोटाने एक फेरी मारून बघा. रिंग एका जागी जरी वर आली असेल तरी कडेने वाफ जात राहते आणि प्रेशर येतच नाही.
4. झाकणावरची छोटी पिन, जी प्रेशर आल्यावर वर येते, ती बोटाने वरखाली होते का. तिथे डाळीचा फेस वाळून बसला की ती अडकते.

नवीन आणला असेल तर पहिल्यांदा नुसतं पाणी लावून बघा. तीन कप पाणी, हाय प्रेशर, दोन ते पाच मिनिटं. प्रेशर येताना कुठून वाफ जाते, पिन वर आल्यावर कशी दिसते, वाफ सोडताना आवाज केवढा होतो हे सगळं पोटात भूक नसताना बघून ठेवलेलं चांगलं.

## ३. मापं आणि भिजवणं

या कुकरसोबत येणारा मापाचा कप १८० मिलीचा असतो आणि अमेरिकन रेसिपीतला कप २४० मिलीचा. तांदूळ एका कपाने आणि पाणी दुसऱ्याने मोजलं की भात बिघडणारच. सोपा उपाय म्हणजे घरातली एक वाटी ठरवा आणि जिन्नस, पाणी सगळं तिनेच मोजा. तळातलं पाणी तेवढं कपाने सांगितलंय, तो कप २४० मिलीचा समजा.

पाण्याचे दोन नियम आहेत. तळात कमीत कमी पातळ पदार्थ हवाच, ६ क्वार्टला दीड कप, ३ क्वार्टला एक कप, ८ क्वार्टला दोन कप. त्याशिवाय वाफ तयार होत नाही. आणि वरची मर्यादा म्हणजे भांडं दोन तृतीयांशाच्या वर भरायचं नाही, डाळ, तांदूळ, कडधान्य असेल तर अर्ध्याच्या वर नाही, कारण ते फुगतात आणि फेस झडपेपर्यंत पोचतो.

इथे पाणी उडून जात नाही हेही ध्यानात घ्या. गॅसवर शिट्टीबरोबर वाफ बाहेर जाते, इथे झाकण लागलं की जवळजवळ सगळं पाणी आतच राहतं. म्हणून गॅसच्या अंदाजाने पाणी घातलं तर रस्सा पाणचट होतो.

भिजवायचं काय आणि किती:

- तूरडाळ: अर्धा तास. नाही भिजवली तरी चालते पण चार-पाच मिनिटं जास्त द्या.
- हरभराडाळ: एक ते दोन तास.
- राजमा, छोले, काळे वाटाणे: रात्रभर, निदान आठ तास. मे महिन्यात किचन ओट्यावर रात्रभर ठेवलं तर आंबूस वास येतो, फ्रीजमध्ये भिजवा.
- मूगडाळ, मसूर: भिजवायची गरज नाही.

कडधान्य जुनं असेल किंवा तुमच्याकडे बोअरचं जड पाणी असेल तर कितीही भिजवा, वेळ जास्त लागतोच. अशा वेळी रेसिपीला दोष देण्यात अर्थ नाही, मिनिटं वाढवा आणि तोच आकडा आपल्या घरापुरता धरून चाला.

इथे चूक होते: चिंच, आमसूल, टोमॅटो, गूळ डाळीबरोबरच घालून कुकर लावणं. आंबटाने आणि गुळाने डाळ शिजायला अडते. आमटीत हे सगळं डाळ शिजून घोटल्यावरच जायला हवं.

## ४. वरण-भात एकाच वेळी

हे एक जमलं की रोजचं निम्मं काम झालं, म्हणून जरा सविस्तर.

1. आतल्या भांड्यात दीड कप पाणी घाला, गरम असेल तर उत्तम. त्यात सोबत आलेला स्टँड ठेवा.
2. एका स्टीलच्या डब्यात पाऊण वाटी भिजवलेली तूरडाळ, दोन ते सव्वादोन वाटी पाणी, हळद, हिंग आणि अर्धा चमचा तेल. तेलाने फेस कमी येतो. डबा अर्ध्यापेक्षा थोडाच वर भरलेला दिसला पाहिजे, काठोकाठ नको.
3. दुसऱ्या डब्यात एक वाटी तांदूळ स्वच्छ धुऊन, निथळून. बासमतीला दीड वाटी पाणी, कोलमला पावणेदोन, आंबेमोहोर आसट हवा असेल तर दोन ते सव्वादोन.
4. डाळीचा डबा खाली, भाताचा वर. सगळ्यात वरच्या डब्यावर एक सैल ताटली ठेवा म्हणजे झाकणाचं पाणी भातात ठिबकत नाही. घट्ट झाकण लावू नका.
5. झाकण लावा, झडप "सीलिंग"वर म्हणजे बंद, प्रेशर कुक हाय, १० मिनिटं. जुन्या मॉडेलवर याच बटणाला "मॅन्युअल" म्हणतात.
6. वेळ संपल्यावर हात लावू नका. कुकर आपोआप पडू द्या, निदान १० मिनिटं तरी, मग उरलेली वाफ सोडा.
7. डाळ गरम असतानाच रवीने घोटा. गार झालेली डाळ मिळून येत नाही, पाणी वर आणि डाळ खाली राहते.

डबे पातळ स्टीलचे घ्या, गॅसच्या कुकरचे जुने डबे बसत असतील तर तेच सगळ्यात चांगले. काचेच्या किंवा चिनीमातीच्या जाड भांड्यात उष्णता हळू शिरते, त्यात तीच डाळ दहा मिनिटांत कच्ची राहते आणि मग लोक म्हणतात रेसिपी चुकीची आहे. डब्याची कड आणि भांड्याची भिंत यांच्यात बोटभर फट हवी, वाफ वर जायला वाट पाहिजे.

नुसता भात थेट भांड्यात लावायचा असेल तर बासमतीला एकास एक पाणी, पण तांदूळ एक वाटी असेल तर तळाला पाणी कमी पडतं, म्हणून दोन वाट्यांपेक्षा कमी भात असेल तर डब्यातच लावावा. थेट लावलेला भात चार-पाच मिनिटं हाय प्रेशर आणि मग दहा मिनिटं तसाच. "राइस" नावाचं बटण कमी प्रेशरवर चालतं, त्यामुळे डाळ आणि भात एकत्र लावलेला असताना ते दाबू नका, डाळ शिजणार नाही.

तपासा: पिन वर आली का? बाजूने वाफ येत राहिली आणि पंधरा-वीस मिनिटांत पिन वर आलीच नाही तर एक तर झडप "व्हेंटिंग"वर म्हणजे उघडी राहिली आहे, नाहीतर रिंग नीट बसलेली नाही. बंद करा, रिंग बघा, तळातलं पाणी किती उरलंय ते बघून भर घाला आणि परत लावा. तसंच चालू ठेवलं तर पाणी आटून "बर्न" येणार.

## ५. मसाल्याच्या भाज्या, उसळी, आणि "बर्न"

"बर्न"चा अर्थ तळ जास्त तापला एवढाच आहे. तळाला काहीतरी चिकटलंय किंवा तिथे पाणी पोचत नाहीये. नव्वद टक्के भानगड फोडणी आणि झाकण यांच्यामधल्या दोन मिनिटांत होते. राजमा धरून क्रम सांगते, छोले-काळ्या वाटाण्यालाही हाच लागू.

1. "सॉटे", म्हणजे परतण्याचं बटण, चालू करा. डिस्प्लेवर "हॉट" आलं की मगच तेल घाला. गार भांड्यात तेल-जिरं घातलं की जिरं फुलत नाही, चिकटतं.
2. फोडणी, मग कांदा. कांदा लालसर होईस्तोवर परता. आलं-लसणाची पेस्ट पटकन तळाला धरते, तिला सोडून जाऊ नका.
3. सुके मसाले घालायच्या आधी सॉटे बंद करा. तळ एवढा तापलेला असतो की मसाला त्याच उष्णतेवर परतून होतो, चालू ठेवलात तर तिखट करपतं आणि ठसका लागतो.
4. आता अर्धा कप पाणी घाला आणि लाकडी कालथ्याने किंवा सपाट उलथन्याने तळ पूर्ण खरवडा. डोळ्यांनी बघून कळत नाही कारण मसाल्याखाली काही दिसत नाही, हाताला कळतं. कालथा सरसर फिरला पाहिजे, कुठेही खरखर लागली की तिथे कांदा किंवा मसाला धरलेला आहे. ती खरखर जाईपर्यंत पुढे जायचं नाही.
5. भिजवलेला राजमा आणि उरलेलं पाणी. राजम्याच्या अर्धा इंच वर पाणी पुरे. राजमा पाण्याने नीट ओला झाला की ढवळून घ्या.
6. टोमॅटोची घट्ट प्युरी सगळ्यात शेवटी, वरून, आणि आता ढवळायचं नाही. घट्ट प्युरी जड असते, ढवळली की तळाशी बसते आणि तिथेच करपते. चिरलेला टोमॅटोही वरूनच टाका. राजमा रात्रभर भिजलेला असेल आणि टोमॅटो एक-दोनच असतील तर शिजायला अडत नाही, राजमा जुना असेल तर मात्र टोमॅटो वेगळा परतून नंतर घाला.
7. झाकण, सीलिंग, हाय प्रेशर ३० मिनिटं, कुकर आपोआप पडू द्या.

काजूची पेस्ट, दाण्याचं कूट, नारळाचं घट्ट दूध, दही, क्रीम, कॉर्नफ्लोअर यातलं काहीही झाकण लावायच्या आधी घालायचं नाही. घट्ट करणारी प्रत्येक गोष्ट झाकण उघडल्यावर, सॉटेवर दोन उकळ्या काढून. गोडा मसाला आणि कोथिंबीरही शेवटीच घाला, वीस-तीस मिनिटं प्रेशरखाली राहिला की गोड्या मसाल्याचा वास पार जातो.

"बर्न" आलंच तर: घाबरून परत परत स्टार्ट दाबू नका. कॅन्सल करा, वाफ सोडा, पिन खाली पडल्यावर झाकण उघडा, कालथा तळाशी फिरवा. नुसतं चिकटलं असेल तर खरवडून अर्धा कप गरम पाणी घालून परत लावा. काळं झालं असेल तर खरवडू नका, वरचं वरचं दुसऱ्या भांड्यात काढा, तळ स्वच्छ धुवा आणि मग पुढे लावा, काळं खरवडून मिसळलं की अख्ख्या भाजीला करपट वास लागतो.

मोड आलेल्या मटकीची गोष्ट वेगळी. तिला प्रेशर जेमतेम लागतं. फोडणी करून, तळ खरवडून, मटकी आणि दीड कप पाणी घालून हाय प्रेशर एक मिनिट, मग पाच मिनिटांनी वाफ सोडायची. तीन-चार मिनिटं लावली की मोड गळून पडतात आणि उसळीची आमटी होते. मिसळीसाठी दाणा अख्खा हवा असतो, तेव्हा शंका असेल तर कमीच वेळ लावा, थोडी कच्ची राहिली तर सॉटेवर उकळून घेता येते, जास्त शिजली की काही करता येत नाही.

राजम्याबाबत एक गोष्ट आरोग्याची. कच्च्या लाल राजम्यात एक विषारी प्रथिन असतं, ते कडक उकळल्याशिवाय मरत नाही आणि अर्धवट शिजलेल्या राजम्याने उलट्या-जुलाब होतात. याच कुकरमध्ये "स्लो कुक" बटण असतं, त्यावर कच्चा राजमा कधीही लावू नका, तेवढं तापमान तिथे मिळत नाही. प्रेशरवरच शिजवा, आणि दाणा बोटांनी दाबल्यावर पिठूळ फुटला पाहिजे, मध्ये टणक लागला तर परत दहा मिनिटं.

## ६. वाफ कधी सोडायची, कधी नाही

आपल्याकडे याला सरळ शब्द आहे, कुकर पडणं. रेसिपीत "नॅचरल रिलीज" असेल तर कुकर आपोआप पडू द्यायचा, "क्विक रिलीज" असेल तर झडप फिरवून वाफ लगेच काढायची. दोन्हींत अन्न वेगळं होतं, कारण कुकर पडेपर्यंत आत शिजणं चालूच असतं.

- आपोआप पडू द्या: डाळी, खिचडी, भात, राजमा-छोले, मटण, खीर.
- पाच-दहा मिनिटं थांबून मग सोडा: मोड आलेली कडधान्यं, चिकन, अंडी.
- लगेच सोडा: भाज्या, मक्याची कणसं.

डाळ-खिचडीची वाफ लगेच सोडली की झडपेतून पिवळा फेस उडतो, भिंतीवर डाग पडतात आणि झडप आतून चिकट होते. सोडायला घेतली आणि फेस येताना दिसला तर लगेच झडप परत बंद करा, दोन मिनिटं थांबा, मग थोडी थोडी सोडा.

वेळ मोजायला घड्याळ लागत नाही. ड्युओसारख्या मॉडेलवर शिजून झालं की डिस्प्लेवर "एल ०:००" येतं आणि ते पुढे चालत राहतं. "एल ०:१०" दिसलं म्हणजे दहा मिनिटं झाली.

झडप हाताने नाही, लांब दांड्याच्या चमच्याने फिरवा, तोंड आणि हात वाफेच्या रेषेत नको. लहान मुलं ओट्याशी असतील तर आधी बाजूला करा. पिन पूर्ण खाली पडेपर्यंत झाकणाशी झटापट करायची नाही, आणि उघडताना झाकण आपल्यापासून दूर वळवून उचला, आतून उकळतं पाणी ठिबकतं.

## ७. नेहमी लागणारी मिनिटं

सगळी हाय प्रेशरची, आपल्या चवीप्रमाणे एक-दोन मिनिटं इकडेतिकडे.

- मूगडाळीची खिचडी: अर्धी वाटी तांदूळ, अर्धी वाटी डाळ, चार वाटी पाणी, ८ मिनिटं, आपोआप पडू द्या. मऊसूत हवी तर १०. याच्या निम्मी करू नका, तळाला पाणी कमी पडतं.
- छोले, भिजवलेले: ३० ते ३५ मिनिटं.
- मध्यम अख्खे बटाटे: स्टँडवर, खाली दीड कप पाणी, १० ते १२ मिनिटं.
- अंडी: स्टँडवर ५ मिनिटं, ५ मिनिटं थांबा, मग गार पाण्यात ५ मिनिटं.
- पुरणाची हरभराडाळ: एक वाटी भिजवलेली डाळ, दोन वाटी पाणी, डब्यात १२ ते १५ मिनिटं, आपोआप पडू द्या. डाळ चाळणीत निथळून कट आमटीसाठी बाजूला काढा. गूळ घालून पुरण आटवायचं काम मात्र गॅसवर जाड बुडाच्या कढईत करा, सॉटेवर आच मनासारखी कमी-जास्त होत नाही आणि गूळ तळाला धरतो.

पोहे, उपमा, साबुदाण्याची खिचडी, सुकी भेंडी हे या कुकरचं काम नाही. आणि प्रेशरखाली तळण तर कधीच नाही, त्यासाठी हा बनवलेलाच नाही.

उंचावर राहत असाल तर मिनिटं वाढवावी लागतात. समुद्रसपाटीपासून २,००० फुटांच्या वर दर १,००० फुटांना साधारण ५ टक्के धरतात. मुंबई-पुण्यात याचा विचार करायची गरज नाही, पण अमेरिकेत डेनव्हरला, ५,२८० फुटांवर, राजम्याच्या ३० मिनिटांची ३५ करावी लागतात.

## ८. ठेवून जाताना

"डिले स्टार्ट" वापरून सकाळी भरून ठेवायचा आणि संध्याकाळी शिजलेलं मिळवायचं, हे पाण्यात बुडालेल्या कडधान्याला ठीक आहे, तेसुद्धा फार उकाडा नसताना. चिकन, मटण, मासे, दूध घातलेलं काहीही असं तासन्‌तास ठेवायचं नाही.

"कीप वॉर्म"वर साधारण ६३ ते ७८ अंश तापमान राहतं, अन्न नासत नाही, पण दोन तासांनंतर भात कडेने वाळतो आणि वरण घट्ट गोळा होतं. जेवायला उशीर असेल तर वरणात आधीच पळीभर गरम पाणी घालून ठेवा. रात्री उरलेला भात बंद कुकरमध्ये तसाच सोडू नका, काढून लवकर गार करा आणि फ्रीजमध्ये टाका. शिजलेला भात तासन्‌तास नुसता बाहेर राहिला की त्यात वाढणारं बॅक्टेरियाचं विष परत गरम केल्यानेही जात नाही.

## ९. धुणं

आतलं भांडं सगळे धुतात, झाकण कोणी धुत नाही, आणि पुढच्या वेळी प्रेशर न येण्याचं कारण तिथेच असतं. झाकणाच्या आतल्या बाजूला झडपेवर एक छोटी स्टीलची जाळीदार टोपी असते, ती काढता येते. दर वेळी डाळ लावल्यावर ती काढून टूथब्रशने घासा. झडप ओढून काढा, भोकातून पाणी सोडा. पिनच्या खाली सिलिकॉनची इवलीशी टोपी असते, ती सिंकमध्ये वाहून जाते, तेव्हा खाली वाटी धरा.

रिंगला मसाल्याचा वास धरतो, तो पूर्ण जात नाही. लसणाच्या वासाची खीर नको असेल तर दोन रिंगा ठेवा, एक तिखटाला आणि एक गोडाला, वेगळ्या रंगाच्या मिळतात. साधारण वर्ष-दीड वर्षाने रिंग बदलायची, त्याआधीच चिरलेली किंवा ढिली दिसली तर तेव्हाच. भांड्याला आतून निळसर डाग पडले तर चमचाभर व्हिनेगर फिरवून धुतलं की जातात.

मागच्या बाजूला पाणी साचायचा एक छोटा पारदर्शक कप अडकवलेला असतो, दर आठवड्याला काढून धुवा, तिथे बुरशी धरते. झाकण कुकरवर उलटं ठेवा, लावून बंद करून ठेवलं की आत कोंदट वास येतो.